बोरटोल्याची पक्की रेघ

"ताबिश, पाय खाली घे. त्या पेटीत डोळे तपासायचं मशीन आहे," निशात म्हणाली.

"मग पाय ठेवू कुठी? डोक्यावर?" ताबिश म्हणाला, पण त्याने पाय खाली घेतले.

गाडी धानोऱ्याच्या जंगलातून चालली होती. पुढे निशातचे अब्बा लियाकतभाऊ आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर मॅडम. मधल्या सीटवर दोन नर्स. मागे पेट्या, आणि पेट्यांमध्ये जागा करून बसलेली निशात आणि तिचा नागपूरचा आतेभाऊ ताबिश. बोरटोल्याला डोळ्यांचं शिबिर होतं. बोरटोला हे पुनमचं गाव. पुनम निशातच्या गावी, सावलीला, मावशीकडे राहून निशातच्याच वर्गात शिकायची आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली होती. तिच्याकडे आठवडाभर राहायला मिळणार म्हणून दोघं गाडीत बसली होती.

समोरच्या काचेला नॅव्हिगेटर चिकटवलेला होता. ही गाडी लियाकतभाऊंनी चंद्रपूरच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडून जुनी घेतली, तेव्हा तिच्याबरोबर तो आला होता. घरात सगळे त्याला डबी म्हणत. सावलीच्या गाडीस्टँडवर अशी डबी फक्त लियाकतभाऊंकडे होती. गंमत म्हणजे तिच्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. फाटा आला की ते गाडी बाजूला घ्यायचे, उतरायचे, पानठेल्यावर नाहीतर हातपंपावर जे कुणी असेल त्याला रस्ता विचारायचे, मग तंबाखूची देवाणघेवाण करून परत यायचे. आज हे तीन ठिकाणी झालं होतं. प्रत्येक वेळी मॅडमनी घड्याळ पाहिलं होतं आणि ताबिशने मामूंच्या चालण्याची हुबेहूब नक्कल केली होती. एक नर्स तर हसून बेजार झाली होती.

निशातही पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिसऱ्यांदा तिचे कान तापले. एवढ्या शिकलेल्या मॅडम बसल्या आहेत, काचेवर मशीन आहे, आणि आपले अब्बा गवताचा भारा घेतलेल्या बाईला रस्ता विचारतात.

चौथा फाटा आला. डावीकडे एक वाट धानाच्या बांधांमधून वळत गेली होती, दुसरी सरळ उताराला लागली होती. मोहाच्या झाडाखाली दोघं जण बैल सोडून बसले होते. अब्बांनी वेग कमी केला. त्यांचा हात दाराकडे गेला.

"चला, मामूंचा सर्व्हे सुरू," ताबिश पुटपुटला.

"अब्बा, सरळच आहे," निशात एकदम म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "डबीत दिसून तर राह्यलं. काऊन उतरता प्रत्येक वेळी?"

अब्बांनी वरच्या आरशातून तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग दारावरचा हात त्यांनी पुन्हा स्टेअरिंगवर ठेवला आणि गाडी सरळ घेतली. मोहाखालचा एक जण उभा राहून हात हलवत होता. निशातला वाटलं, तो टाटा करतोय.

उतार संपला तिथे नदी होती.

ब्रेक लागला, पण ओल्या मातीवर गाडी घसरत गेली आणि पुढची दोन्ही चाकं वाळूत रुतली. डबीतली बाई शांतपणे सरळ जायला सांगत होती. समोरच्या काठावर बोरटोला दिसत होता. काठावर बाजा टाकल्या होत्या आणि त्यांवर म्हातारी माणसं डोळ्यांवर हात धरून बसली होती, कालपासून शिबिराची वाट पाहणारी. त्यांच्यामध्ये पुनमचे वडील देवाजी उभे होते. गावात त्यांच्याइतका खणखणीत आवाज कुणाचा नव्हता.

"काऊन गा लियाकतभाऊ," ते पलीकडून ओरडले, "गाडीले डोंग्यात बसवून आणता काय?"

काठावर हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत.

बैलांच्या दोन जोड्या लावून गाडी बाहेर काढेपर्यंत ऊन कलायला लागलं. जंगलातला रस्ता उजेडात ओलांडायला हवा होता, त्यामुळे शिबिर पुढच्या रविवारवर गेलं. पलीकडच्या बाजा एकेक करून उचलल्या गेल्या. मॅडमनी थंड आवाजात सांगितलं की या शिबिरांचं गाडीचं काम पुढेही लियाकतभाऊंकडे ठेवायचं तर संस्थेला भरवशाची गाडी हवी. नवीन नॅव्हिगेटर बसवून घ्या, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.

"चूक माही आहे मॅडम," अब्बा म्हणाले.

निशात वाट पाहत होती. आता ते म्हणतील, पोरगी म्हणाली म्हणून सरळ आलो. ते म्हणाले नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेली, आणि ते फडक्याने मॅडमच्या पेटीवरचे शिंतोडे पुसत होते. निशातला बोलता आलं असतं. तिने ओठ उघडलेही. मग पुनमचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, या काठाला लागला, ताबिशने बॅगा उचलल्या आणि अब्बा म्हणाले, "जा. पुनम वाट पाहून राह्यली."

*

पुनम डोंगा चालवण्यात पटाईत होती. एका लांब बांबूने तळ ढकलत ती दोघांना पलीकडे घेऊन गेली, आणि जाता जाता तिने पाण्यात बोट दाखवलं. पाण्याखाली काळ्या खुंटांची एक ओळ दिसत होती, या काठापासून त्या काठापर्यंत.

"हा आमचा पूल," ती म्हणाली.

दिवाळी झाली, धान घरात आला आणि पाणी उतरलं की गावातलं प्रत्येक घर एकेक लाकूड आणायचं. खांब रोवायचे, वर फांद्या, वर पेंढा आणि माती. आठवडाभर सगळा गाव नदीत उतरायचा. पूल झाला की त्याच्यावरून बैलबंडी जायची, जीप जायची, लग्नाच्या वरातीसुद्धा जायच्या. पावसाळ्यात नदी तो घेऊन जायची. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा नवा. तोवर गाडीने यायचं तर फाट्यावरून डावीकडे, तलावाच्या पाळीने, म्हणजे बांधावरून, लांबचा फेरा.

"मग मला हे सांगितलं काऊन नाही तू?" निशात चिडून म्हणाली.

"तू विचारलं काऊन नाही?"

निशातने मागे वळून उताराकडे पाहिलं. तिला ती वाट आठवली, मोहाखालचा माणूस आठवला. तो टाटा करत नव्हता.

ताबिशच्या मते केस सुटली होती. नकाशावाले उन्हाळ्यात आले, त्यांनी पूल पाहिला, रस्ता काढला. आता मामूंनी नवीन मशीन घेतलं की झालं. गडचिरोलीला वाजिदचाचांच्या दुकानात त्याने ते पाहिलंही होतं. मोठा पडदा, हिंदी बोलणारी बाई, ताजा नकाशा. "जुन्या डबीत जुनी चूक. नवीनमध्ये कशाला राहील?" तो म्हणाला. निशातलाही ते पटवून घ्यायचं होतं. मशीन चुकलं असेल तर तिची चूक जरा लहान होत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या काठावर हॉर्न वाजला. तिघं धावली. उताराच्या टोकाशी एक पांढरी गाडी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर कपाळाला हात लावून नदीकडे पाहत होता. तो नागपूरच्या एका धान व्यापाऱ्याची गाडी घेऊन आला होता. पुनमने डोंगा काढला. पलीकडे पोचताच ताबिश सरळ गाडीच्या काचेला जाऊन चिकटला.

"निशात," तो हळूच म्हणाला, "हेच ते. वाजिदचाचांकडचं."

नवीन, मोठ्या पडद्याचं मशीन हिंदीत सीधे जाइए म्हणत होतं. पडद्यावर नदीची निळी पट्टी होती आणि तिच्यावरून गेलेली एक जाड पिवळी रेघ. जुन्या डबीत होती तशीच.

ड्रायव्हर भला माणूस होता. पोरं एवढं बघतायत म्हणून त्याने त्यांना गाडीत बसवून पडदा नीट दाखवला. उन्हाळी कच्चा रस्ता असला तर तो तुटक रेघेने दाखवतात, त्याने सांगितलं. ही पक्की रेघ, म्हणजे बारमाही रस्ता.

"पण इथं बारमाही नाहीच," पुनम म्हणाली.

"मग तुमच्याच गावात कोणी तरी सांगितलं असन, पोरी. कंपनीची माणसं विचारल्याशिवाय नाई टाकत. रस्ता एकदा पाहतात अन् बाकी गाववाल्याले विचारतात."

गाडी मागे फिरून गेली तरी तिघं तिथेच उभी होती. म्हणजे अब्बा नवीन मशीन घेणार, ते घेऊन पुन्हा इथेच येणार आणि पुन्हा सगळं गाव हसणार. आणि या वेळी काम जाणारच.

"चौकशी," ताबिश म्हणाला. "प्रत्येकाला विचारायचं. नकाशावाले कोणाशी बोलले?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्धा गाव पालथा घातला, आणि तेव्हा खरी विचित्र गोष्ट लक्षात आली. बोरटोल्यात कुणाच्या म्हशीला कोणत्या साली रेडकू झालं तेही लोक सांगत. पण नकाशावाल्यांचं नाव काढताच किराणा दुकानदार तराजू पुसायला लागला. चावडीवरच्या दोघांना एकदम खोकला आला. कोतवालाची बायको म्हणाली, "कोन आलते बाप्पा, मले नाई आठवत," आणि तिने पुनमकडे असं पाहिलं, जसं पडलेल्या पोराकडे बघतात.

ताबिश खूश झाला होता. सगळं गाव सामील आहे, तो म्हणाला. सागवानाची चोरी असणार, रात्रीच्या ट्रकांसाठी खोटा रस्ता. पुनमने त्याला विचारलं की नसलेल्या पुलावरून ट्रक जाईल कसा. यावर त्याने थोडा वेळ मागून घेतला.

*

आधी अब्बांना कळवायला हवं होतं. गावात मोबाइल लागत नसे. मागच्या टेकडीवर एका मोठ्या खडकाजवळ तेवढी रेंज यायची. देवाजींनी त्यांचा मोबाइल लगेच काढून दिला. "बोला बापाशी. म्हणा, गाडी पोहायले शिकली काय," ते हसून म्हणाले. निशात मोबाइल घेऊन सरळ टेकडीकडे वळली.

टेकडीची वाट बांबूच्या बेटांतून जात होती. अर्ध्या वाटेवर पुनम थांबली. वारुळ खालपासून उकरलेलं होतं आणि माती अजून ओली होती.

"अस्वल," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "आता बोलत चला. जोरात. त्याले कळलं पाहिजे आपण येऊन राह्यलो. अचानक समोर गेलं तरच ते अंगावर येते."

ताबिशचा आवाज नेमका तेव्हाच गेला. शेवटी निशातने सतराचा पाढा सुरू केला, कारण दुसरं काही आठवेना. पुनमने साथ धरली. सतरा सक्के येईपर्यंत ताबिशही ओरडत होता, चुकीचं, पण सगळ्यांत मोठ्याने. डावीकडच्या झाडीत काहीतरी जड मोडत गेलं, दूर दूर गेलं, आणि मग फक्त पानं हलत राहिली. तिघं खडकापर्यंत पळतच पोचली.

फोन लागला. अब्बा स्टँडवर होते. त्यांच्या आवाजाआधी मागचे आवाज ऐकू आले. कुणीतरी विचारत होतं, लियाकतभाऊ, नदीतून सवारी घेता काय, माहेरी सोडून द्या आमच्या बाईले. मग बरेच जण हसले. अब्बा बाजूला गेले असावेत, आवाज दूर झाला.

"काय बेटा? तब्येत ठीक आहे ना?"

निशातने भराभर सांगितलं. नवीन मशीन पण तोच रस्ता दाखवतं, घेऊ नका.

अब्बा म्हणाले की त्यांनी वाजिदला शब्द दिला आहे, तो रविवारी स्वतः मशीन घेऊन सोबत येणार, मॅडमनाही तसं कळवलं आहे. आता नाही म्हटलं तर मॅडम म्हणतील, हा माणूस सुधारायलाच तयार नाही.

"अब्बा, त्या दिवशी मी..."

"फाट्यावर पाहू," अब्बा म्हणाले, आणि रेंज गेली.

निशात खडकावर बसून राहिली. उतरताना पाढे पुनमलाच एकटीला म्हणावे लागले.

*

उत्तर शेवटी घरातच मिळालं.

पुनमची आजी आशाबाई शनिवारी अंगणात बसून धान पाखडत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हाताला लागतील ते खडे काढायची, बाकीचे भातात लागायचे. बाजेवर शिबिराची वाट पाहत बसलेल्यांत तीही होती. उद्या डॉक्टर येणार म्हणून खूश होती आणि पोरं कोण कुठली ते परत परत विचारत होती. ताबिशने चौकशीतला शेवटचा माणूस म्हणून तिलाही विचारून टाकलं.

"नकाशावाले? आले होते ना," आशाबाई म्हणाली. "चैतात. आमच्याच घरी जेवले. बरबटीची भाजी केली होती मी. एक जण चश्मेवाला होता. त्यानं विचारलं, हा रस्ता बारा महिने चालते काय? त देवाजी म्हणाला, चालते ना, बारा महिने चालते. ओसरीवर सगळे होते. कोणी काई बोललं नाई."

पुनमच्या हातातलं सूप थांबलं.

"बाबा म्हणाले?"

"त काय म्हणल? तो म्हणे, पक्की रेघ पडली की साहेब लोक नकाशात पाहतीन. रस्ता दिसला की एसटी सोडतीन. एसटी सोडाची म्हटली त पूल बांधून द्याच लागन." आशाबाई सुपातला एक दाणा डोळ्यांशी नेऊन पाहायला लागली. "आला काय वो एसटीचा काई कागद?"

पुनम उठून गोठ्याकडे गेली.

ताबिशलाही या वेळी विनोद सुचला नाही. निशातला मात्र आधी राग आला. ज्या माणसाने खोटा रस्ता सांगितला तोच काठावर उभा राहून सगळ्यांत मोठ्याने हसला होता. उद्या मॅडमपुढे एक वाक्य बोललं की झालं. अब्बांचं नाव साफ. स्टँडवर कुणाची हसायची हिंमत होणार नाही.

ती गोठ्यात गेली. पुनम गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी होती.

"सांगशील काय सगळ्यांपुढे?" तिने न वळता विचारलं.

निशात हो म्हणणार होती. पण पुनमचे कान तिला दिसले. लाल झालेले. आपल्या वडिलांमुळे कान असे तापतात तेव्हा काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. फरक एवढाच होता की पुनमच्या वडिलांनी खरंच काही केलं होतं. तिच्या अब्बांनी तर फक्त रस्ता विचारला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. तेच खरं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना पुनमने वडिलांकडे पाहिलं नाही. देवाजी भात कालवता कालवता काहीतरी गंमत सांगत होते. पोरांपैकी कुणी हसेना. त्यांनी पुनमकडे पाहिलं, मग आशाबाईकडे, मग त्यांचा हात थाळीतच थांबला. गंमत तिथेच राहिली.

*

रविवारी सकाळी तिघांनी ठरवलं की गाडी उताराला लागायच्या आत फाट्यावर अडवायची. डोंग्याजवळ देवाजी आधीच उभे होते. मीही येतो, एवढंच म्हणाले आणि बांबू हातात घेतला. पाण्याखालची काळी खुंटं एकेक करून मागे गेली.

फाट्यावर पोचून थोडाच वेळ झाला होता, तोच गाडी आली. अब्बांनी ती मोहाच्या झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. काचेवर जुनी डबी होती आणि तिच्याशेजारी नवीन मशीन. मधल्या सीटवरून वाजिदचाचा उतरले, झुळझुळीत शर्ट, कपाळाला गॉगल.

"लियाकतभाऊ, इथी काऊन थांबले?" ते म्हणाले. "हे मशीन काय शोभेले आणलं? यानं सरळ म्हटलं त सरळ. आपली गॅरंटी."

ताबिश पुढे झाला. फार अदबीने त्याने विचारलं की गॅरंटी असेल तर वाजिदचाचा स्वतः पुढे चालत जाऊन रस्ता दाखवतील का, मामू गाडी मागून हळूहळू आणतील. वाजिदचाचा म्हणाले, त्यात काय, आणि मोठ्या डौलात उतरून गेले. नवीन मशीन त्यांच्या पाठीमागे सीधे जाइए म्हणत राहिलं. गाडी जागची हलली नाही. थोड्या वेळाने वाजिदचाचा परत आले ते हातात एक बूट घेऊन, आणि त्या पायाची पँट पोटरीपर्यंत ओली.

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. अब्बांच्याही ओठांचा कोपरा हलला. वाजिदचाचा मात्र चिडले होते. त्यांनी पडदा सगळ्यांना दाखवला. पक्की रेघ आहे की नाही? मग आपण काय करणार?

"ही रेघ कंपनी हवेत नाई काढत, मॅडम. गावातल्या माणसानं बारमाही म्हणून सांगितलं, तवाच येते. विचारा या गाववाल्याले, कोण बोललं ते."

मॅडमचं हसू गेलं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम खोटं सांगितलं, त्या म्हणाल्या. गाडी पाण्यात जाऊन माणसं मेली असती. कोण होता तो? आणि त्यांनी देवाजींकडे पाहिलं, कारण गावातला मोठा माणूस तिथे तोच होता.

देवाजी खाली पाहत होते. पुनमने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. ती निशातकडे पाहत नव्हती. पाहणारच नव्हती, हे निशातला कळलं. तिने काहीही मागितलं नव्हतं.

वाक्य निशातच्या जिभेवर होतं. तिने अब्बांकडे पाहिलं. अब्बा तिच्याकडेच पाहत होते, तिच्याकडून पुनमकडे, पुनमकडून देवाजींकडे. मग त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही.

"जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "कोणी काही सांगितलं असन, मी त विचारलं नाई ना? इथीच, या झाडाखाली दोघं जण बसले होते. एक जण हात करून राह्यला होता. मी रोज विचारतो. त्या दिवशी तुमच्यापुढं उतरून विचाराची मले लाज वाटली."

निशातला वाटत होतं की ती लाज फक्त तिची होती. तिने आरशात पाहिलेले अब्बांचे डोळे तिला आठवले. त्यांत राग नव्हता, तीच लाज होती, आणि ते न कळल्याने ती इतके दिवस घाबरली होती.

जुन्या डबीतली बाई आणि नव्यातली बाई आळीपाळीने सरळ जायला सांगत होत्या. ताबिशने हात घालून दोघींना बंद केलं.

मग देवाजी पुढे आले. खणखणीत आवाज कुठेतरी राहिला होता.

"वाजिदभाऊ," ते म्हणाले, "नकाशातला रस्ता पुसता येते काय?"

"पुसता?"

"पावसाळ्यात नाई, एवढं टाकता येते काय? अर्ज द्या लागन त देतो. अंगठा नाई, सही करतो. ज्यानं सांगितलं होतं त्याची सही लागन ना?"

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी विचारलं, ओरडून नाही, की असं का सांगितलं.

"एसटी येईन म्हणून," देवाजी म्हणाले. "माही माय दोन सालापासून आंधळी होऊन राह्यली, मॅडम. धानोऱ्याले न्यायची म्हटली त अर्धं वर्ष डोंगा, अन् पुढं पायी. मले वाटलं, एकदा नकाशात रस्ता पडला..." ते थांबले. मग अब्बांकडे वळले. "अन् वरून मीच हासलो. भाऊ, त्याची माफी मांगतो."

अब्बांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की आता मॅडमला उशीर होईल, तलावाच्या पाळीची वाट दाखवा.

वाजिदचाचांनी बूट पायात घालत हळूच विचारलं, मग या मशीनचं काय करायचं? नवीन घ्यायचं आहे की नाही? मॅडमही उत्तराची वाट पाहत होत्या, हे निशातने पाहिलं. अब्बांनी दोन्ही मशीनांकडे नीट पाहिलं. अगदी दुकानात उभे असल्यासारखं.

"नाई घेत, वाजिद. शब्द दिला होता, त्याची शरम आहे मले. पण जुनी डबी कुठी कुठी चुकते ते मले माहीत झालं. नवीन कुठी चुकते ते माहीत व्हायला आणखी एक पावसाळा लागन."

मॅडम पुन्हा हसल्या. म्हणाल्या, संस्थेला मी सांगते. गाडी हीच राहील. मग ताबिशने आठवडाभराच्या चौकशीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. हे तुम्ही शोधून काढलंत? त्यांनी पेटीतून बिस्किटांचा पुडा काढला, नर्सनी टाळ्या वाजवल्या, वाजिदचाचासुद्धा म्हणाले की पोट्टे डिटेक्टिव्ह आहेत, मोठे झाले की माझ्या दुकानात या. ताबिशने वाकून सलाम केला आणि अस्वलाची हकिगत सांगायला घेतली. त्याच्या हकिगतीत पाढे नव्हते, एक काठी होती.

निशातला मान वर करता येईना. पुनमलाही. दोघी बिस्किटं हातात धरून उभ्या होत्या आणि खात नव्हत्या.

सगळे गाडीत बसले. देवाजी पुढे, अब्बांच्या शेजारी, वाट दाखवायला. मॅडम स्वतःहून मागे सरकल्या. गाडी डावीकडे वळून बांधांमधून हळूहळू निघाली. दोन्ही बाजूंना धान पिवळा होऊन वाकला होता.

बऱ्याच वेळाने देवाजी मागे वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "ही मागं बसली आहे ना, दोन वेण्यांची, ते माही पोरगी होय. कालपासून माह्याशी बोलली नाई. खरं तिनंच काढलं." ते परत समोर पाहायला लागले. "हुशार आहे. तिच्या मायवर गेली."

पुनमने खिडकीकडे तोंड केलं. निशातने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त सरकून तिच्या खांद्याला खांदा लावला.

"बाबा," पुनम खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "पुढं बांध फुटला आहे. उजव्या अंगानं घ्यायला सांगा काकाले."

"उजव्या अंगानं घ्या, भाऊ," देवाजी म्हणाले.